साडूची केळी

"खोटं आहे हे! साफ खोटं!" तोतारामनं मासिक ओट्यावर आपटलं.

शेतकीच्या त्या मासिकात त्याच्या साडूचा, फैजपूरच्या शालिग्रामचा लेख छापून आला होता. वर फोटो. टोपी तिरकी, ओठांवर हसू. सहाव्या महिन्यानंतर केळीला पेंड घालणं बंद केलं तरी घड तेवढाच भरतो. मी माझ्या मळ्यात करून पाहिलं आहे, असं त्यात लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर तोतारामला लेखापेक्षा तो फोटोच जास्त झोंबला होता. सावद्याच्या बाजारात केळीतलं काही अडलं की लोक आजवर त्याला विचारत. आता जो तो म्हणे, "तुमच्या साडूनं कमाल केली बुवा!" परवा सासुरवाडीत पहिलं पान शालिग्रामपुढे मांडलं. अरे, थोरला जावई कोण?

"छापलं म्हंजे खरं झालं का?" तो बायकोला म्हणाला. "मी करून पाहतो. अर्ध्या केळीले पेंड, अर्धीले नाही. मंग गावासमोर तोलतो."

सुगंधाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "निसवायले येईल ना ती. घड पोटात असताना तिचं खानं तोडायचं?"

"तू चूल पाहा. आन् बिनपेंडीच्या पट्ट्यात कोनी पाय ठेवायचा नाही."

पोटात कितीही जळत असलं तरी तोताराम कामाला चोख होता. दोन्ही पट्ट्यांना कंद एका जातीचे, पाणी एका पाटाचं. फरक फक्त पेंडीचा. रोज सकाळी तो उपाशी पट्ट्यापाशी जाई आणि पिवळं पान शोधी. एक सापडेल तर शपथ! बुंधे आपले पैलवानासारखे फुगत चाललेले.

"वाळा ना मेल्यांनो!" तो पुटपुटे.

त्याला अन्न गोड लागेना. त्यात म्हैस दूध कमी देऊ लागली. त्याचंही खापर त्यानं शालिग्रामवरच फोडलं.

घड तोलायच्या दिवशी त्यानं गाव बोलावलं. शालिग्रामला जोडीनं यायचं आवतण धाडलं. नाक कापायचं तर नाकवाला समोर हवा. केळीचा व्यापारी पंडितशेठ तागडी धरून उभा राहिला. एका पारड्यात पेंडीचा घड, दुसऱ्यात बिनपेंडीचा. काटा मधोमध थांबला. दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. काटा हलायलाच तयार नाही.

तोतारामचे कान तापले. तागडीच खोटी आहे म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण सगळ्या गावाला डोळे होते.

"शालिग्राम खरं बोलला," तो कसाबसा म्हणाला.

"ऐका रे!" पंडितशेठ ओरडला. "साडूनं साडूले खरं म्हटलं! याच्यावर आनखी काय पुरावा पाह्यजे?"

लोक हसले. यंदा सहाव्या महिन्यानंतर पेंड बंद, असं तिथल्या तिथे ठरलं. कुणी म्हणालं, शेजारच्या गावांनाही कळवू. शालिग्रामनं वाकून तोतारामच्या पायांना हात लावला.

"भाऊ, पुढच्या लेखात तुमचं नाव टाकतो. फोटोसुद्धा."

"केवढा?" तोतारामच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याएवढा."

तोतारामनं मान हलवली. थोरल्याचा जरा मोठाच हवा, हे पोहे खाताना सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

पुरुषमंडळी ओट्याकडे वळली. मागं विहिरीपाशी मंदाबाईनं, शालिग्रामच्या बायकोनं, थोरल्या बहिणीला बाजूला ओढलं आणि हळूच विचारलं, "अक्का, मी तं हे बाजारले गेले का केळीच्या बुडाशी पेंड पुरत होती, तू कव्हा पुरायची व?"