हसरा आवाज

“यंत्र आज शेवटचं सुरू करतो,” डॉक्टर म्हणाले. आंधळ्या भालचंद्रांना थोडं दिसावं म्हणून मेंदूत बसवलेल्या तारांची जखम चिघळली होती. तारा उद्या काढायच्या होत्या. म्हणून आज त्यांच्या बायकोला, इंदुमतीला, पहिल्यांदाच आत बोलावलं होतं.

वीज सुरू झाली. भालचंद्रांपुढे उजेडाचे ठिपके उमटले आणि त्यांतून समोर बसलेल्या इंदुमतीची आकृती झाली. चेहरा दिसत नव्हता, नुसती हालचाल कळत होती.

“बरं झालं हो, दवाखान्याच्या खेपा संपल्या!” ती हसत म्हणाली. या हसऱ्या आवाजावरच त्यांनी इतकी वर्षं अंधारात काढली होती.

तिचा ठिपक्यांचा हात डोळ्यांपाशी गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. आवाज मात्र हसतच होता.

“दिसतेय का हो मी?”

“नाही गं,” ते म्हणाले आणि डॉक्टरांकडे वळले. “बंद करा.”