मशीन नाव घेत नाही

“आता पासवर्ड टाका काकू. असं नाव टाका, जे तुम्ही कधीच विसरणार नाही,” मोनाली म्हणाली.

वच्छलानं कीबोर्ड चाचपला. एफ आणि जे या बटणांवरचे बारीक उंचवटे सापडले, की बाकीची अक्षरं आपसूक बोटांखाली येतात, हे आता तिला जमू लागलं होतं. तिनं एक नाव टाकलं. एरवी दाबलेलं प्रत्येक अक्षर मोठ्यानं सांगणारं मशीन या वेळी नुसतंच “स्टार, स्टार, स्टार” करत राहिलं.

“बिघडलं का व?” दारातून बकारामनं विचारलं.

“नाही काका. पासवर्ड मशीन बोलून दाखवत नाही. कोणी ऐकलं तर?”

“पण नाव कोणाचं टाकलं?”

वच्छलानं पदर तोंडाला लावला. बकाराम खो-खो हसला. “समजलं! जलमभर माहं नाव तोंडातून काढलं नाही हिनं, आता मशीनीत घातलं. अन् मशीनबी हिच्यासारखीच निघाली, नवऱ्याचं नाव घेत नाही!”

संध्याकाळपर्यंत हा किस्सा नवेगाव बांधच्या पानठेल्यावर पोचला. बाया वच्छलाला चिडवू लागल्या. तीही लाजून घेई, कारण लाजणं सोयीचं होतं. मशीनमधलं नाव बकारामचं नव्हतंच. ते आचलचं होतं.

आचल त्यांची एकुलती एक लेक. तिनं संघदीपशी लग्न केलं, जातीबाहेर. त्या दिवशी सगळी भावकी अंगणात जमली होती. बकारामनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “आजपासून त्या पोरीचं नाव या घरात निघालं नाही पाह्यजे.” भावकीनं माना डोलावल्या आणि चहा पिऊन गेली. वच्छलाच्या डोळ्यांचा पडदा तेव्हाच सुकत चालला होता. पुढे दिसेनासं झालं, तसं लेकीला चोरून चार ओळी लिहिणंही संपलं. फोन होता, पण तो बकारामच्या खिशात.

असं असलं तरी या माणसाचे उपकार ती नाकारूच शकत नव्हती. गोंदियाला कुठल्याशा शिबिरात अंध माणसं कॉम्प्युटर चालवताना त्यानं पाहिली आणि तेव्हापासून त्यानं ध्यासच घेतला. धानाची पोती हलवून खिडकीजवळ जागा केली. इंटरनेटसाठी टेलिफोनची तार ओढून घेतली. अंधांना शिकवणाऱ्या मोनालीला फुलचूरहून गळ घालून आणलं. अंगणवाडीतल्या पोरांना अक्षरं शिकवणारी वच्छला आंधळी झाल्यावर नुसती भिंतीला टेकून बसायची. त्यानं तिला पुन्हा कामाला लावलं. रोज देवापुढे हात जोडताना ती त्याच्यासाठी जास्तीचं मागे. आणि त्याच्याच नाकाखाली आपण लेकीला चोरून लिहितो, हे तिला मनातून खात राही.

आचलचा ईमेलचा पत्ता मोनालीनं मिळवून दिला होता. कुठून मिळवला, हे वच्छलानं विचारलं नाही. मिळाला हेच खूप होतं.

नागपूरहून आचल मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत. मशीनचा आवाज साहेबाचा. तो “आय, क्याशी ॲहेस” असं काहीबाही वाचून दाखवी. पहिल्यांदा वच्छला रडली, मग हसत सुटली. घरात दुसऱ्या कोणाला त्यातलं अक्षर कळत नसे. बकाराम तर गावभर सांगत सुटला, की बायको आता इंग्रजी ऐकते.

“मले काही समजत नाही बा, डोकं उठते,” म्हणत तो शेला खांद्यावर टाकी आणि ती मशीनपुढे बसली की धानाच्या बांधीकडे निघून जाई. एकदा पुतण्या गजेंद्रनं कीबोर्डला हात लावला, तर बकाराम त्याच्यावर केवढा ओरडला. वच्छलाला तेव्हाही त्याची मायाच वाटली.

मग आचलला दिवस गेले. नववा महिना लागला. ‘आई, बीपी फार वाढलंय. डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात ऑपरेशन करून मोकळं करू. मी लगेच कळवीन,’ असं तिनं लिहिलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात भाताची पेज पसवताना पातेलं निसटलं. उकळतं पाणी वच्छलाच्या दोन्ही हातांवर सांडलं. बोटांना जाड पट्ट्या बांधल्या गेल्या. मोनाली सुट्टीवर गेली होती. मशीन खिडकीजवळ मुकं बसलं होतं आणि त्याच्या पोटात आचलची बातमी असणार होती, बरी किंवा वाईट.

वच्छलाच्या घशाखाली घास उतरेना.

“काऊन जेवत नाहीस?” बकारामनं विचारलं.

“काही नाही जी.”

“हात दुखून राहिले?”

“नाही जी.”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “चल, मशीन लावून देतो तुले.”

वच्छला दचकून उभीच राहिली. “नको जी! ते पासवर्ड मागते.”

“मागू दे ना. मले माहीत हाय.”

ती घाबरून गेली. आता हा आपलं स्वतःचं नाव टाकणार. मशीन ते घेणार नाही. मग नवऱ्याचं नव्हतं तर कोणाचं, असं विचारेल. मशीन उचलून नेईल, आणि त्याबरोबर लेक दुसऱ्यांदा जाईल. खरं सांगून टाकावं, निदान बातमी तरी कळेल, असं वाटून तिनं तोंड उघडलं. पण तोवर त्यानं पहिलं बटण दाबलं होतं.

बकाराम एका बोटानं अक्षर शोधून शोधून दाबत होता. “स्टार,” मशीन म्हणालं. बऱ्याच वेळानं पुन्हा, “स्टार.” वच्छलानं पट्ट्या बांधलेले हात छातीशी धरले. शेवटचं बटण वाजलं आणि मशीन गप्प झालं.

मग ते त्याच्या साहेबी आवाजात म्हणालं, की एक नवा मेल आला आहे.

वच्छला जागची हलली नाही. बकारामनं आणखी एक बटण दाबलं, आणि मशीन भराभर वाचू लागलं. त्यानं तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं.

“मले इंग्रजी समजत नाही व,” तो म्हणाला. “लवकर सांग, काय म्हणून राहिली आपली आचल?”