अळणी ताक

ब्लड प्रेशर वाढलं म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पण धोंडूबाबा जेवणानंतरचं खारं ताक सोडायला तयार नव्हते. अळणी ताकाचा पेला ते तसाच सरकवून द्यायचे. त्यांचा मुलगा जीवन सिंधीपुऱ्यातल्या कोचिंग क्लासात मिश्रणाची गणितं शिकवायचा. त्याने घरी तेच लावलं. एका तांब्यात खारं ताक, दुसऱ्यात अळणी. दोन्ही एकत्र करताना दर आठवड्याला खारं थोडं कमी, अळणी थोडं जास्त. बाबांना संशय येतोय का हे बघायला तो पेला रिकामा होईपर्यंत शेजारीच बसायचा, केळीच्या भावाचं नाहीतर शेजारपाजारचं काहीबाही बोलत. होता होता ताक जवळपास अळणी झालं. तरी बाबा रोज पेला रिकामा करत होते. गणित जमलं म्हणून जीवन खुशीत होता.

एका दुपारी तो हात धुऊन परत येत होता, तर आईचा आवाज कानावर आला.

"अहो, फिक्कं नाही लागत तुम्हाले?"

"पहिल्याच दिवशी समजलं मले," बाबा म्हणाले. "पण पेला संपेपर्यंत पोरगा जवळ बसतो. पहिले कुठं टाइम होता त्याले?"

दुसऱ्या दिवशी जीवनने ताकात मिठाचा कणही घातला नाही. पेला मात्र मोठा काढला.