लताबाईंनी पाहिलेलं डुमस

“हाऊ समुद्र शे? मंग पानी कोठे शे?”

लताबाई सुरतजवळच्या डुमसला, किनाऱ्याच्या कठड्याशी उभ्या होत्या. समोर काळा चिखल. त्याच्या पलीकडे आणखी काळा चिखल. अगदी टोकाला एक चकाकती रेघ, तीही असून नसल्यासारखी.

“ओहोटी आहे, आई,” हितेंद्र म्हणाला. “पाणी येईल दुपारी.”

“आमनी बोरी नदी बी उन्हायामा अशीच दिसस. अमळनेरले तिले देखाले कोनी रिक्षा करीसन येत नही.”

कामिनी खळखळून हसली. लताबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं. मग पुन्हा चिखलाकडे.

सकाळपासून एक वाक्य हितेंद्रच्या तोंडात होतं.

आई, ही कामिनी, माझी

पुढचं येत नव्हतं. सुरत स्टेशनावर त्याने ते कसंबसं वळवून घेतलं होतं: “माझी... म्हणजे आमच्या कापडाच्या पेढीवर बिलं करते. डुमसचीच आहे. ती दाखवेल सगळं.”

भ्यायला कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात एरंडोलचं स्थळ लताबाईंनी मोडलं, का, तर चहाची बशी बुडाशी ओली होती. कामिनी तर पटेलांची. गुजराती. तिच्या घरी डाळीत गूळ पडतो. फोनवर मागे कामिनी हसली की हितेंद्र आईला सांगायचा, टीव्ही चालू आहे. वर्षभर टीव्हीच चालू होता.

आणि आता गाठोडं. धोतराच्या फडक्यात बांधलेलं. लताबाईंनी ते स्टेशनापासून कुणाच्या हाती दिलं नव्हतं. श्रावणात कानबाईच्या सणाला हितेंद्र गावी गेला नाही, म्हणून आईच त्याचा रोट घेऊन आली. कानबाईचा रोट कुळातल्यांनीच खायचा, तोही पौर्णिमेच्या आत. लग्न करून गेलेल्या लेकीलाही तो मिळत नाही. रोटाचे गहूसुद्धा घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घ्यायचे. कमी नाही, जास्त नाही.

“जड दिसतंय, आई. एवढे रोट कशाला आणले?”

“तुले काय करनं?”

गाडीवर भज्यांचा घाणा निघाला. टमाट्याची चकती, तिच्यावर हिरवी चटणी, वरून बेसन. कामिनीने द्रोण पुढे केला.

“मासी, गरम गरम खाव. आ डुमसनां टमेटानां भजियां छे.”

लताबाईंनी एक चावलं. चावत राहिल्या. गाडीवाल्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की तो झारा हातात धरून थांबला.

“गोड शे. मिरची माहेरी गई का?”

कामिनी तोंडात भजं असताना हसली. मग जाऊन तळलेल्या मिरच्यांची बशीच घेऊन आली. लताबाईंनी मिरची देठापर्यंत खाल्ली.

“हाई मिरची नही, काकडी शे.”

पुन्हा तेच हसणं. हितेंद्रने घाम पुसला. आता. आताच.

“आई, ही...”

“काय ही?”

“ही चटणी... इकडे गोडच करतात.”

कामिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि द्रोण चुरगाळून टाकला.

किनाऱ्याजवळची बाग नवी होती. सुरूची झाडं, सिमेंटचा जिराफ, आणि गवतावर पाय ठेवू नका अशी पाटी. लताबाईंनी पाटी मोठ्याने वाचली.

“इतलं गवत. आनि एक बी म्हैस नही.”

जिराफावर तर त्यांनी शब्दही खर्चला नाही. त्याचा एक कान तुटला होता. लताबाई बाकावर बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडली. जाड, खरपूस रोट. तुपाचा वास. कामिनीला काही ठाऊक नव्हतं. सकाळपासून ती दोन भज्यांवर होती. तिने सहज हात पुढे केला.

हितेंद्रने तिचं मनगट धरलं.

“नको. बाहेरच्यांना चालत नाही ते.”

हात मागे गेला. दिवसभरात पहिल्यांदा कामिनी हसली नाही. ती जिराफाकडे बघू लागली.

लताबाईंनी लेकाकडे पाहिलं. सकाळी चिखलाकडे पाहिलं होतं, तसंच.

“बाहेरनं कोन शे आठे?”

हितेंद्रने गवतावरची पाटी पुन्हा वाचली.

“वरीसभर फोनमा तुन्हा टीव्ही हसस. बातम्या ऱ्हाओत का भजन, टीव्ही हसस. तुन्हा आबा बी म्हने, टीव्ही भलता गोड शे. हाईच ना तो टीव्ही?”

“आई, ही कामिनी, माझी”

“ऱ्हाऊ दे आते. चिखल दखाडा. काकडी दखाडी. कानतुटा जिराफ दखाडा. जे देखाले मी उनू, ते सोडीसन बठ्ठं दखाडं. तोंड उघडाले तुले समुद्र लागस?”

त्यांनी एक अख्खा रोट काढला आणि कामिनीच्या तळहातावर ठेवला. वरून तिची बोटं मिटवली. दुसरा मोडून अर्धा हितेंद्रकडे सरकवला. उरलेला अर्धा स्वतः खायला घेतला.

कामिनी रोट धरून बसली होती. खावा की नको, हे विचारायला तिने हितेंद्रकडे पाहिलं. आणि हितेंद्रला अजूनही कुळाचीच काळजी.

“पण आई, रोट तर घरच्यांनाच...”

“मले शिकाडू नको,” लताबाई घास चावत म्हणाल्या. “गहू मोजात, हिनी सव्वा मूठ मी तवयच काढेल व्हती.”