तिसऱ्या नकोपर्यंत

माद्रिदला लेकीच्या सासरी पहिल्याच जेवणात आप्पांनी सवयीने “नको, नको” म्हटलं आणि विहीणबाई बटाट्याचं ऑम्लेट खरोखरच आत घेऊन गेल्या.

“इथे आग्रह करत नाहीत, आप्पा,” लेक हसत म्हणाली. “सांगलीत वर्षभर स्पॅनिश शिकलात ना? सांगा की त्यांना.”

आप्पांनी क्लासातलं ‘जोपर्यंत’ आठवलं, अजून न घडलेल्या गोष्टीसाठी लागणारं क्रियापदाचं वेगळं रूप नीट जुळवलं आणि म्हणाले, “मी तीनदा नको म्हणेपर्यंत वाढत राहा.” पंधरवड्यात त्यांना पट्टा पुरेना.

निघताना ते म्हणाले, “आता तुम्ही सांगलीला या.”

विमानाला घाबरणाऱ्या विहीणबाई आप्पांचाच शब्द उचलून म्हणाल्या, “नको.”

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी बॅग उचलली.

विहीणबाई दारातून हलेनात. दोन बोटं दाखवत म्हणाल्या, “अजून दोनदा म्हणायचंय मला.”