चेत्तीचा तुरा

रोज सकाळी भार्गवीच्या अंगणातल्या लाल चेत्तीच्या फुलझाडाचा एक तुरा नाहीसा झालेला असायचा. खुडल्या देठाला मात्र राख चोपडलेली. झाडाची जखम अशी राखेनं बुजवायची रीत गावात एकट्या भार्गवीची होती.

तिचा संशय शेजारच्या नारायणीवर. नारायणीच्या तान्ह्या नातवाच्या अंगावर पुरळ उठलं होतं, आणि त्यावर चेत्तीच्या फुलांचं तेल लावतात.

भार्गवी तणतणत तिच्या पायरीशी गेली. थोरल्या बहिणीच्या मानानं ती तिला 'चेची' म्हणायची.

"नारायणीचेची, मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"मी कशाला तोडू? तूच तोडतेस की रोज! हाक मारली तर मानसुद्धा वळवत नाहीस."

"काहीतरीच काय!"

नारायणीनं नातवाला छातीशी घट्ट धरलं. तिची नजर भार्गवीच्या खांद्यावरून मागे, चेत्तीच्या झाडाकडे लागली होती.

"भार्गवी," ती पुटपुटली, "आज तिनं मान वळवली."