पुढचा कॅमेरा, मागचा कॅमेरा

उभ्या गाडीवर ओरखडे कोण काढतं ते एकदाचं कळावं, म्हणून गणिताच्या मास्तरांनी गाडीत पुढे कॅमेरा बसवून घेतला. ओरखडे काढणारा सापडला नाही. दिसल्या त्या पिवळ्या स्वेटरमधल्या एक आजी. शाळेमागच्या बोळात गाडी उभी असली की रोज दुपारी त्या समोरून सावकाश येत आणि गाडीला खेटून मागे जात.

मागे जाऊन त्या करतात तरी काय, या कुतूहलापोटी मास्तरांनी मागेही कॅमेरा लावला. त्यात आजी एकदाही आल्या नाहीत.

"अर्ध्यातून परत फिरत असतील," बायको म्हणाली.

"मग पुढच्यात दिसल्या असत्या. दोन्हीकडे भिंती आहेत, गाडीला कुलूप असतं. पुढून आलेलं माणूस मागून बाहेर पडलंच पाहिजे."

गणित काही सुटेना. शनिवारी सकाळी मास्तर एकटेच पुन्हा दुकानात गेले.

"पुढचा झाला, मागचा झाला," दुकानदार हसला. "आता काय, टपावर?"

"गाडीच्या आत बघणारा आहे का?"

होता. मेकॅनिक किल्ली घेऊन बाहेर गेला आणि मास्तर काउंटरवर माहितीपत्रक वाचत बसले.

थोड्या वेळाने मेकॅनिक हात पुसत दारात आला.

"सर, वायर मागच्या सीटखालून न्यायचीय. तुमच्या आईंना जरा उतरायला सांगता का? माझं ऐकत नाहीत. म्हणतात, ही माझी रोजची जागा आहे."